झुलीखालचा कापूस

"पाटील, गाद्या भरल्या, रजया भरल्या. बैल पहिल्यांदाच भरून राहिलो," कुर्बान पिंजारी म्हणाला, अन् डाव्या बैलाच्या झुलीखाली त्यानं अजून एक ओंजळ कापूस कोंबला.

"तोंड बंद ठेव," सूर्यभान पाटील म्हणाला. "बरगड्यांवर जास्त घाल. पाठीवर ढेकूळ नको दिसाले."

पांदणीत पाव्हण्यांच्या गाडीची धूळ दिसून राहिली होती. अकोटाकडचे शेषराव आपल्या पोरीसाठी घर पाहाले येत होते. सूर्यभानच्या पोराच्या, गोवर्धनाच्या, दोन सोयरिकी आतापर्यंत गोठ्याच्या दारातून परत गेल्या होत्या. ही तिसरी.

कुर्बाननं झुलीची कड दोऱ्यानं आवळली, दोन पावलं मांगं सरकला. "माशाल्ला. दोघंबी नवरदेव दिसून राहिले."

पाव्हणे उतरले ते चाकंच पाहत उभे राहिले. सूर्यभानच्या गाडीच्या चाकाच्या कडेले लोखंडाची नाही, चांदीची धाव बसवली होती. पटत नसंल तर नका मानू, पण ती गाडी रस्त्यानं गेली की मांगून बाया धूळ चाळत जात. घरात ओसरीपासून आढ्यापर्यंत कापूस. देवघरातबी कापूस, पूजेच्या वक्ती त्याची बायको गोदाबाई कोपरापर्यंत हात घाले तवा कुठं एखादा देव हाताले लागे. शेषराव तर पाणी प्यायचं विसरला.

त्याची म्हातारी माय, मनकर्णाबाई, सारं पाहून झाल्यावर म्हणाली, "घर पाह्यलं. आता गोठा दाखवा."

गोठ्यात दोन बैल उभे होते. आरशाच्या लाल झुली, अन् झुलीखाली अंग असं की दारातून निघतीन की नाही.

"वा," शेषराव म्हणाला. "जोडी ठेवावी तर अशी."

"फागनाच्या उन्हात झूल काहून घातली?" म्हातारीनं विचारलं.

"नजर लागते, माय. आमच्या गावाची नजर लय वाईट."

"ज्वारी किती पेरली औंदा?"

सूर्यभान हसला. "ज्वारी कोण पेरते आता? सात समुद्रापल्याड लढाई जुंपली अन् इथं कापसाले चांदीचा भाव आला. मी शेताच्या कडेचे धुरे नांगरले, गायरान नांगरलं. मसणवट्याच्या कडेचा तुकडाबी सोडला नाही. भाकरीपुरती ज्वारी इकत घेतो."

"तुमची भाकर झाली. या बैलायचा कडबा?"

कडबा इकत घ्याचा तर तो कोणाजवळ असाले पाहिजे. पंचक्रोशीत साऱ्यांनीच कापूस पेरला होता.

"हाये की, माय," सूर्यभान म्हणाला. "शेतात मोठी गंजी हाये."

तो असा बोलून राहिला होता, तेवढ्यात उजव्या बैलानं मान वळवली. डाव्याच्या झुलीची शिवण त्यानं हुंगली, कापसाचं एक बोंडूक बाहेर ओढलं अन् सरकीसकट चावलं. मंग दुसरं. मंग दोरा तुटला अन् कापूस वातीसारखा निघतच राहिला. डावा बैल साऱ्यांच्या डोळ्यांदेखत, उभ्याउभ्या वाळत गेला.

शेषराव आंदी हसला. मंग हसला नाही.

मनकर्णाबाईनं पुढं होऊन गाठ सोडली. झूल खाली आली, अन् तिच्या घोट्यापर्यंत कापूस साचला. बैलाच्या बरगड्या अशा की त्यावर कपडे वाळत घालावे. खांद्यावर जू घासून जखम झाली होती. तिच्यात कापूस चिकटला होता. म्हातारीनं बोटं ओली केली अन् एकेक तंतू काढत बसली. बैलाचं कातडं थरथरे, पण तो हलला नाही.

दारात गोदाबाईनं तोंडाले पदर लावला. कुर्बान अंगणात पिंजण घेऊन उभा होता, त्यानं मान खाली घातली. सूर्यभान खाली सांडलेला कापूस पायानं बाजूले सारत राहिला.

"बापू," म्हातारी म्हणाली. आतापर्यंत ती त्याले तुमी म्हणत होती. "हे बैल घरचे, का बाजारातून आणले?"

"घरचे, माय. इथंच जन्मले."

"तुह्या हातानं वाढले?"

"हो."

म्हातारीनं उजव्याचीबी झूल सोडली, अन् हाताले लागलेला कापूस लुगड्याले पुसला.

"पोरीचं मंग पाहू. आंदी हे दोघं माह्या घरी नांदाले धाड. आमच्या इकडं अजून ज्वारी होते. तू ज्या दिवशी गायरान मोकळं करशीन, त्या दिवशी या दोघायले न्याले ये. पोरीचं तवाच बोलू."

शेषरावनं मायकडं पाह्यलं, अन् गाडी जुंपाले निघाला.

सूर्यभाननं दोघांचे कासरे सोडले. भर दुपार होती, सारं गाव ओट्यावर बसलं होतं. त्यानं खाली वाकून झुली उचलल्या.

"राहू दे," म्हातारी म्हणाली.

मंग तो तसाच निघाला. पुढं पाव्हण्यांची गाडी, मांगं तो, अन् दोन्ही हातांशी ते दोन सापळे. ओट्यावरचे सारे वळखीचे. यातल्या निम्म्यांनी त्याच्याच चाकाची चांदी पाहून गायरानाचा एकेक तुकडा नांगराले काढला होता. कोणी हसलं असतं तर त्याले बरं वाटलं असतं. कोणी हसलं नाही. एकेक जण उठून घरात गेला.

वेशीपाशी त्यानं कासरे पाव्हण्यांच्या गाडीले बांधले. गाडी हलली.

पोरगी नांदाले जाते तवा इथंच, या वेशीपाशी, एकदा तरी मांगं वळून पाहते. सूर्यभान तथीच उभा राहिला. गाडीच्या मांगच्या बाजूले वाटेपुरता कडब्याचा भारा बांधला होता. बैल त्यात तोंड खुपसून चालत होते.