रिचेकिंग

मराइके बाईंनी पेपर पुढे सरकवला, काही सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात रुचिरनं हात वर केला. आधी मला पाहू द्या, मग बोलू, असं तो इंग्रजीत म्हणाला. शब्द सभ्य होते, पण आवाजाला धार होती. गणिताच्या त्या बाई क्षणभर घुटमळल्या. मग खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

रुचिरला तेही खटकलं. ज्याचं मन निर्मळ, त्यानं पाठ कशाला फिरवावी?

पेपर साऱ्या देशातल्या शाळांना एकच होता. तपासायचा मात्र ज्याचा त्यानं, आपापल्या शाळेत. चारुता त्यात काठावर पास झाली होती, जेमतेम दोन गुण वर. तो काठ हुकला असता तर विद्यापीठाच्या वाटेवरचा वर्ग सुटला असता आणि पोरगी एक पायरी खाली गेली असती. आता लेकीच्या हातात गणित कसं, तर परडीत फुलं पडावीत तसं. ती काठावर? रुचिरच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच. आडनाव वाचताना बाईंची जीभ अडखळते, मग तपासताना पेन अडखळत नसेल कशावरून?

आदल्या संध्याकाळी वैदेहीनं नवऱ्याला समजावून पाहिलं होतं. "पास झालीय ना? झाकली मूठ सव्वा लाखाची. तू कशाला उघडायला जातोस?" त्यावर रुचिरनं आपल्या बारावीची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. रिचेकिंगला पेपर टाकला, बोर्डानं मुकाट गुण वाढवून दिले, त्या गुणांवर इंजिनीअरिंगला जागा मिळाली आणि त्या जागेवरून आज हे परदेशातलं, न्यूनेन गावचं घर. गुण कोणी देत नसतं, मागून घ्यावे लागतात. वैदेही म्हणाली, पाठ आहे मला, पुढचं मी सांगू का?

चारुता मात्र हसली नव्हती. त्याच दिवशी वर्गात मुलांना आपापले पेपर पाहायला मिळाले होते. तेव्हापासून तिच्या तोंडाला कुलूप. थालीपिठाचे तुकडे ताटात इकडून तिकडे फिरवत ती एकच म्हणाली, "उद्या नको ना जाऊ, बाबा. परवा जा." का, म्हणून विचारलं तर जिना चढून गेली. सकाळी न खाताच सायकल काढली, तीही रोजच्यापेक्षा लवकर. बाईंनी पोरीला दम भरलाय, रुचिरनं ताडलं.

आता तो पानामागून पान तपासू लागला. यंत्रातली केसाहून बारीक चूक हुडकून काढायची, याचाच तर त्याला पगार मिळत होता. इथले शिक्षक बरोबर उत्तराला टिक करत नाहीत. काकडीच्या वेलाच्या तणाव्यासारखी एक गिरकी काढतात. ती गिरकी जिथं हवी तिथं होती. एका ठिकाणी उत्तर चुकलं होतं, तरी रीत बरोबर म्हणून बाईंनी अर्धे गुण दिले होते. दुसऱ्या ठिकाणी खाडाखोडीतून नेमकं उत्तर वेचून घेतलं होतं. रुचिरचा जीव चडफडला. चोर सापडत नाही म्हणून पोलिसाला यावा, तसला तो राग.

मग शेवटच्या पानावर एक गिरकी दिसली. डौलदार, पूर्ण तीन गुणांची. आणि तिच्याखालचं उत्तर चूक होतं.

त्यानं खिशातल्या पावतीच्या पाठीवर गणित सोडवलं. पुन्हा सोडवलं. दुसऱ्या ओळीत चारुताचं वजाचं चिन्ह गळलं होतं आणि तिथून पुढं सगळंच घसरत गेलं होतं. बाईंची नजर त्यावरून निसटली होती. हे तीन गुण काढले की पोरगी खाली.

रुचिरचे कान तापले. त्यानं खिडकीकडे पाहिलं. बाई अजून बाहेरच बघत होत्या. म्हणजे यांना ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. त्याला आयंडहोवनचा गणपतीचा हॉल आठवला. तिथं हातावर मोदक पडायच्या आधी आपलीच माणसं, पोरं कुठल्या वर्गात आहेत, ते विचारतात. एवढ्या मोठ्या देशाचं तीन गुणांनी काय वाहून जाणार होतं? त्यानं पावती चुरगळून खिशात कोंबली, पानांचे कोपरे जुळवले आणि पेपर पालथा ठेवला.

"सगळं बरोबर आहे," तो म्हणाला. वर हसून बाईंचे आभारही मानले. तुम्ही फार बारकाईनं तपासलंय, माझी शंका फिटली, असं म्हणाला.

बाई वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा मागमूस नव्हता. समोर येऊन बसल्या आणि अगदी मऊ आवाजात त्यांनी विचारलं, प्रत्येक पान पाहिलंत ना? प्रत्येक गणित, रुचिर म्हणाला.

बाईंनी पेपर सुलटा केला. चाळला नाही, शोधला नाही. नेमकं ते शेवटचं पान उघडलं आणि त्याच्याकडे न बघता त्या पानाकडेच बघत राहिल्या.

"मघाशी मी हेच सांगणार होते," त्या म्हणाल्या. "सकाळी शाळा उघडायच्या आधी चारुता दारात उभी होती. माझी ही चूक तिनं दाखवली. एवढी घाई कशाला, असं मी विचारलं. तर म्हणाली, आज बाबा येणार आहेत, त्यांच्या नजरेतून हे सुटणार नाही आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहणार नाहीत. त्यांच्या आधी मी सांगायला हवं."