उजवी बाजू
खून सिद्ध झाला होता. आता फाशी की जन्मठेप, एवढंच ठरायचं होतं. आमच्या न्यायाधीशांची सवय सगळ्या वकिलांना ठाऊक होती: कागदाच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे शिक्षा वाढवणारी कारणं लिहायची, उजवीकडे कमी करणारी. डावीकडे ओळींवर ओळी चढल्या होत्या: माणूस निःशस्त्र, वार पाठीमागून, तेही सात. उजवीकडे अजून काहीच नव्हतं. आरोपीच्या आईला मी समजावून समजावून थकलो होतो, "मावशी, तो लहान असताना घरात जे चालायचं ते सगळं सांगा. त्याला वाचवायला माझ्याकडे दुसरं काही नाही." पण साक्षीला उभं राहताच मावशींनी मान ताठ केली. "साहेब, लेकाला आम्ही तळहाताच्या फोडासारखं जपलं. त्याच्या बापानं घरात कधी आवाजसुद्धा चढवला नाही." मी कपाळाला हात लावला. कधीच मरून गेलेल्या नवऱ्याची अब्रू राखायला ही बाई जिवंत पोराला फासावर चढवत होती! न्यायाधीश मात्र तिच्या वाकड्या मनगटाकडे बघत होते. "हाताला काय झालं?" "पायरीवरून पडले." "आणि भुवईवरचा व्रण?" "तीच पायरी, साहेब." अख्ख्या खटल्यात ब्र न काढलेला तिचा मुलगा पिंजऱ्यातून हळूच म्हणाला, "आई, आपल्या घराला पायरी कुठं होती?" मावशींनी दुसऱ्या हातानं मनगट झाकलं. न्यायाधीशांचं पेन उजवीकडे सरकलं आणि बराच वेळ तिथंच लिहीत राहिलं.