आमेनच्या आधी

बहात्तरच्या दुष्काळात शमुवेल पाद्री जतजवळच्या एका गावात रोज दुपारी कण्यांची पंगत घालायचे. वाढून झालं की सगळ्यांनी डोळे मिटायचे, पाद्री प्रार्थना म्हणायचे आणि आमेन झाल्यावरच घास उचलायचा. म्हातारी मनुबाई तेवढी डोळे उघडे ठेवायची.

“देवापुढं तरी डोळे मिटा, मनुबाई.”

“कसं मिटू, पाद्रीबाबा? तुमी डोळं मिटता तवाच तर ती येत्यात. औंदा उपाशी मेलेली समदी. माझा ल्योक केरू बी असतो. तुमी आमेन म्हनलं की अर्ध्या घासावरनं उठत्यात.”



दुसऱ्या दिवशी पाद्रींची प्रार्थना संपता संपेना. कण्या निवल्या, पंगत चुळबुळली. शेवटी मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी हळूच विचारलं, “मनुबाई, जेवली का सगळी?”