नव्या लोकांची जागा

सुतार आणि त्याची बायको पहिल्यांदा चर्चमध्ये आले, तेव्हा पुढच्या बाकावर टेकतात न टेकतात तोच तिथल्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "ही आमच्या घरची जागा आहे. नव्या लोकांनी मागे बसायचं असतं."

बायको निमूट उठली. पुढे अकरा वर्षं दोघं शेवटच्या बाकावरच बसली. "इथून पळायला बरं," असं ती हसून म्हणायची, पण घरी आल्यावर गप्प असायची. तिच्या अंत्यविधीला सेक्रेटरीबाईंनी शेजारणीला हळूच विचारलं, "या नवीन होत्या का गं?" सुताराने ते ऐकलं.

यंदा पाळकांनी नव्याने येणाऱ्यांच्या स्वागताचं काम सुतारावर सोपवलं. त्याने ते मनापासून पत्करलं, आणि सगळ्यात आधी पुढच्या बाकावर एक पाटी ठोकली: 'नव्या लोकांसाठी राखीव.'

रविवारी तिथे एक अनोळखी जोडपं ऐसपैस बसलं होतं. सेक्रेटरीबाई पाटी वाचून जागीच थबकल्या. "अहो, मग आम्ही कुठे बसायचं?"



"शेवटच्या बाकावर बसा, बाई. माझ्या बायकोची जागा रिकामी झालीय."