आलं का गं?

चार वाजायला वीस मिनिटं उरली होती आणि टीव्ही अजून निळाच. तुळजाबाई त्याच्यापुढं कंबरेवर हात ठेवून उभी, आणि तिचा नवरा भुजंग वर स्लॅबवर डिशची छत्री धरून. कालच्या वावटळीनं अख्ख्या गल्लीतल्या छत्र्यांची तोंडं फिरवून टाकली होती. मोबाईलचा टॉवरही कालपासून गेलेला, म्हणजे फोनवर बघू म्हणायची सोय नाही.

आणि आजच, बरोबर चार वाजता, दिल्लीच्या जनावरांच्या प्रदर्शनातून लालकंधारी वळूंचा निकाल शेतीच्या चॅनलवर थेट दाखवणार होते. त्यात त्यांचा माणक्या होता. आठ दिवसांचा असताना त्याची माय गेली, तेव्हापासून तुळजाबाईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. पोरगा सत्यम त्याला ट्रकमध्ये घालून घेऊन गेला, त्या दिवसापासून बाईला घास गोड लागत नव्हता. नंबर येवो न येवो, लेकरू एकदा डोळ्यांनी दिसावं, एवढंच तिचं म्हणणं.

पूर्वीचं बरं होतं. पडद्यावर मुंग्या यायच्या, पण मुंग्यांतनं माणसं तरी दिसायची. आता एक तर सगळं, नाही तर काहीच नाही. त्यात ही सिग्नलची पट्टी दोन सेकंद उशिरा हलते. खाली आलेलं दिसेपर्यंत वरच्या माणसानं छत्री पुढं सरकवलेली असते.

"आलं का गं?" भुजंग वरून विचारायचा. पट्टी जरा वर चढली की तुळजाबाई ओरडायची, अहो, आलं. पण गल्लीत तेव्हा सात स्लॅबवर सात नवरे आणि खाली सात बायका. एक अहो म्हटलं की सातही छत्र्या जागच्या जागी थांबायच्या. शेजारीण गेलं म्हणून ओरडली की भुजंग हलवायचा आणि हिचं आलेलं जायचं. नुसता गोंधळ.

मग तिनं ताट वाजवून पाहिलं. दोन मिनिटांत गल्लीभर ताटं वाजायला लागली. मग तिनं हाक दिली, सत्यमचे बाबा, आलं बघा. आता पलीकडच्या घरातल्या पोराचं नावही सत्यमच. त्याचा बाप विरूपाक्ष आपलंच आलं समजून नट आवळून खाली उतरला, आणि घरात बघतो तर निळं. त्याची बायको सिंधु पदर खोचून तुळजाबाईच्या दारात आली.

"काकू, आता काकांना नावानं हाक मारा. न्हाई तर आज गल्लीत कुणाचंच लागायचं न्हाई."

तुळजाबाईला ऐकूनच कसंनुसं झालं. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव उखाण्यापुरतं घेतलेलं, तेही माणसांनी लई आग्रह केल्यावर, तोंडाला पदर लावून. रेशनच्या दुकानात विचारलं तर ती कार्ड पुढं करायची. ती सिंधुला म्हणाली, बाई, तेवढं सोडून काहीही सांग. सिंधुनं कपाळावर हात मारला आणि आपल्या टीव्हीकडं पळाली.

चार वाजले. पट्टी तीसवर, चाळीसवर, मग परत शून्य. वर भुजंग घामाघूम होऊन केसभर केसभर सरकवत होता. पट्टी एकदम साठच्या पुढं गेली, हिरवी झाली आणि निळं जाऊन चित्र आलं. रिंगण. गर्दी. गडद तांबडं वशिंड, आणि कासरा धरलेला सत्यम, डोक्याला फेटा.

"माणक्या," ती पुटपुटली. तेवढ्यात पलीकडनं सिंधु ओरडली, गेलं. ते ऐकून आता हे वर छत्री हलवणार, एवढं तुळजाबाईला कळलं.

"भुजंग, हलू नका."

ताटं थांबली. वर भुजंगच्या हातातला पाना सुटला आणि खण्णकन अंगणात पडला. आता नट आवळणार कशानं? बिचारा दोन्ही हातांनी छत्रीला मिठी मारून उभा राहिला. पाना द्यायला जावं, तर इकडं पंच रिंगणात उतरलेले. तुळजाबाई टीव्हीपुढनं हलायला तयार नाही.

मग तो वरून विचारायला लागला, काय चाललंय, आणि ती खालून सांगायला लागली. अहो म्हणून भागत नव्हतं. पहिलं नाव घेताना कानाची पाळी तापली होती, चौथ्याला काही वाटेना. भुजंग, तीन नंबरचा बाजूला काढला. भुजंग, आपल्याच्या पाठीवर हात फिरवून राहिलेत. भुजंग, दोघंच उरले, आपला अन् एक उदगीरकडचा. गल्ली आपापल्या छत्र्या सोडून ऐकत होती. सिंधु तर घर सोडून परत दारात येऊन बसली होती.

पंचानं तांबडी फीत उचलली. तुळजाबाईनं डोळे मिटले, उघडले, आणि फीत माणक्याच्या गळ्यात होती. सत्यम त्याच्या मानेत तोंड खुपसून रडत होता.

"भुजंग," ती एवढ्या जोरानं ओरडली की तिचा आवाज चिरकला. "भुजंग, पहिला आला आपला माणक्या."

बाकीच्या सहाही स्लॅबवरून टाळ्या पडल्या. विरूपाक्ष शिट्टी मारून मोकळा झाला. कोपऱ्यावरच्या हॉटेलातली माणसं हातात कप घेऊन बाहेर आली. तुळजाबाई डोळे पुसत अंगणात आली आणि तिनं वर बघितलं. भुजंग छत्रीला तसाच बिलगून उभा होता, कानापर्यंत हसत.

"नीट ऐकू न्हाई आलं," तो म्हणाला. "पयल्यापासून सांग."