धुतलेलं दुपटं

हॉटेल माझ्या बायकोनेच, केतकीनेच शोधलं होतं. व्हिएन्नात दोन वर्षांच्या पोराला घेऊन राहायचं, म्हणून लिफ्ट, कठड्याचा पलंग, मऊ भात, सगळं तिने फोन करकरून विचारलं. लहान मुलांचे कपडे तिथे रोज धुऊन देतात हे कळल्यावर तिने दुसरं हॉटेल पाहिलंच नाही.

दुपारी बागेतून आलो, तर सकाळी पलंगावर राहिलेलं सुहृदचं दुपटं इस्त्री करून ठेवलेलं. माझ्या आईच्या जुन्या साडीचं दुपटं ते. आई जाऊन दोन महिने झाले, तरी आम्ही ते मुद्दाम धुतलं नव्हतं. त्याला तिचा वास होता, वेखंडाचा, आणि ते नाकाशी धरल्याशिवाय सुहृद झोपत नसे.

मी तावातावाने खाली गेलो. कपडे धुणाऱ्या बाई वयस्कर होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्याच मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "फार मळलं होतं. बाळाचं म्हणून मशीनला नाही लावलं, हाताने धुतलं."

आईही असंच करायची.

"छान निघालंय," एवढंच म्हणून मी परतलो.

वर सुहृद दुपट्याची एकेक कड नाकाशी नेऊन हुंगत होता. शेवटची कड त्याने सोडून दिली आणि आमच्याकडे पाहिलं.

"आजी नाही," तो म्हणाला.

आजी गावाला गेलीय, येईल, असं आम्ही त्याला रोज सांगायचो. त्या दुपारी दोघांपैकी कोणीच तसं म्हणालं नाही.