फेबीचा जबाब

फेबीने तोंड उघडलं ते वेनेसापुढे. त्याआधी संस्थेच्या दीपिकाने कितीतरी खेपा घातल्या होत्या. चित्रं काढून झाली, बाहुल्या झाल्या, गोळ्याबिस्किटं झाली. पोर आपली मान खाली घालून अंगठ्याने जमीन उकरत बसायची. पोटऱ्यांवरचे वळ शाळेतल्या बाईंनी पाहिले होते, मुलांसाठी काम करणाऱ्या ह्या संस्थेला कळवलंही त्यांनीच. पण मारतं कोण, ते काही फेबी सांगेना.

आणि मुंबईच्या कॉलेजातून इंटर्नशिपला आलेली ही कालची मुलगी तिच्याशेजारी मांडी घालून बसली, तिच्याच बोलीत घरचं-दारचं बोलत राहिली, आणि फेबी बोलली.

"विन्सेंट सर पट्ट्यान मारतत. दार लावन घेतत आणि मारतत."

हे आणखी कोणाला सांगितलंस का, असं वेनेसाने हळूच विचारलं. फेबीने मान हलवली. कोणालाच नाही.

विन्सेंट सर म्हणजे वाडीतली शिकवणी. अर्ध्या गावाचं गणित त्यांनी पक्कं केलेलं, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा माणूस. फेबीचे आईवडील कुवेतला, ती इथे आजीकडे, पिएदादबायकडे; आणि पिएदादबायच्या लेखी सर देवाच्या खालोखाल. अशा माणसाविरुद्ध एवढ्याशा पोरीने बोलायचं म्हणजे काय, हे दीपिकाला बरोबर ठाऊक होतं. ओरोसला बाल कल्याण समितीपुढे फेबीने हेच पुन्हा सांगितलं, तर तिची सुटका होणार होती. नाहीतर शिकवणी चालूच.

दीपिका कसालकडची. संस्थेचं मालवणचं काम इतकी वर्षं तिच्याच अंगावर, आणि नियमाला बाई पक्की. वाडीत पाठवण्यापूर्वीच तिने वेनेसाला समोर बसवून विचारलं होतं, "तिथे तुझं कोणी आहे? भावकीतलं, सोयरिकीतलं? असेल तर आत्ताच सांग, दुसरं गाव देते." आपल्या मुलखात हे विचारावंच लागतं. इथे कोण कोणाचा निघेल, नेम नाही.

"भावकीतलं, सोयरिकीतलं कोणी नाही, मॅडम," वेनेसा म्हणाली. "आमचं सगळं गोत वेंगुर्ल्याकडे."

आडनावही वाडीतल्या कोणाशी जुळत नव्हतं. दीपिका निर्धास्त झाली.

खरं तर तिचा ह्या मुलीवर जीवच जडला होता. मुलांबरोबर फोटो काढून पळणारे इंटर्न तिने पोत्याने पाहिले होते. ही तशी नव्हती. ही ऐकायची. आपल्यामागे हे काम हिच्या हाती द्यावं, असं दीपिकाच्या मनात घोळू लागलं होतं.

सुनावणीचा दिवस ठरला. फेबी काय बोलली ते तिघांनाच माहीत होतं: दीपिका, वेनेसा आणि जीप चालवणारा गंगाराम. त्याच्या पाठीमागच्या सीटवर बसूनच दोघी त्यावर बोलल्या होत्या.

ओरोसला समितीच्या बाईंनी मायेने विचारलं. फेबीने एकदा आजीकडे पाहिलं.

"मी पडलंय. बावीच्या पायऱ्यार."

पुन्हा विचारलं, वेगळ्या तऱ्हेने विचारलं. पोर विहिरीच्या पायरीवरून हलेना.  बाहेर व्हरांड्यात पिएदादबाय उलट दीपिकावरच उखडली. तिच्या बोलण्यातून कळलं, सर आदल्या संध्याकाळी घरी येऊन गेले होते. रागावले नाहीत की काही नाही. फेबीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती काय काय बोलली ते शब्दन् शब्द तिला ऐकवलं. दार लावून घेतात, हेसुद्धा.

वेनेसा परतीच्या वाटेत रडली. दीपिकाने तिला जवळ घेतलं.

आपल्यातलाच कोणीतरी फुटला होता. दीपिकाने वेनेसाला विचारलं. ती म्हणाली, सांगायला बरं वाटत नाही, पण परवा जीप सरांच्या अंगणाशी थांबलेली तिने पाहिली होती.

गंगाराम बोलघेवडा, हे सगळ्या मालवणला माहीत. दीपिकाने त्याला ऑफिसात बोलावून नको नको ते सुनावलं. त्याने जीपची चावी टेबलावर ठेवली.

"बाय, इतकी वर्सां तुमची गाडी चालवलंय. ह्या तोंडातसून खंयच्या पोराचा नाव कधी भायर इला?"

एवढं बोलून तो गेला. फेबी पुन्हा शिकवणीला जाऊ लागली. आता शाळेत ती गुडघ्यापर्यंत मोजे घालून येते, असं बाईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा दीपिकाला स्वतःची भयंकर चीड आली.

वेनेसाची इंटर्नशिप संपली. दीपिकाने तिच्या कॉलेजला तिचं भरभरून कौतुक कळवलं. स्टँडवर कशाला येता मॅडम, मी जाईन, असं वेनेसाने पुन्हा पुन्हा बजावलं होतं. तरी दीपिका खाज्याचा पुडा घेऊन गेलीच. एवढ्या पडझडीत चांगली म्हणावी अशी ही एकच मुलगी. तिला रित्या हाताने कसं पाठवायचं?

वेनेसा बसपाशी नव्हती. स्टँडबाहेर, रस्त्याच्या कडेला बॅग घेऊन उभी होती. दीपिकाला पाहून तिचा चेहरा उतरला. निघायचं वाईट वाटतंय बिचारीला, असं दीपिकाच्या मनात आलं आणि तिचेही डोळे भरले.

तेवढ्यात एक गाडी येऊन थांबली. काच खाली झाली. आत विन्सेंट सर होते.

आता हा हिलाही धमकावायला आला, दीपिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने वेनेसाचा दंड धरून तिला पाठीशी घेतलं.

"ह्या मुलीच्या वाटेला जायचं नाही," ती म्हणाली.

सर सावकाश गाडीतून उतरले. वेनेसाने दंड सोडवून घेतला, पुढे झाली आणि हात जोडून त्यांच्यापुढे मान लववली. सरांनी तिच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला.

"काळजी करू नका, मॅडम," ते हसून, शाळेतल्या शुद्ध मराठीत म्हणाले. "हिचा धर्मपिता आहे मी. बाप्तिस्म्याला हिला ह्याच हातांवर घेतलं होतं."